फुलमेटल अल्केमिस्ट: विनोदाची उधारी आणि तिची वसुली

शाईचा_डाग (धागाकर्ता)

आधीच सांगून ठेवतो, इथे शेवटच्या पानापर्यंतचं सगळं उघड होणार आहे. 'फुलमेटल अल्केमिस्ट' वाचायची राहिली असेल तर धागा बंद करा, २७ खंड संपवा, मग या. धागा कुठे पळून जात नाही.

हिरोमु आराकावा यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा-मालिका, 'मंथली शोनेन गानगान' ह्या जपानी मासिकात जुलै २००१ मध्ये सुरू झाली आणि जून २०१० मध्ये संपली. १०८ प्रकरणं, २७ खंड, म्हणजे खंडाला सरासरी चार प्रकरणं. मेलेल्या आईला परत आणायला गेलेली आणि स्वतःची शरीरं गमावून बसलेली दोन भावंडं, थोरला एड आणि धाकटा अल (त्याचा आत्मा एका पोकळ चिलखतात अडकवलेला), लष्कराने केलेला एका जमातीचा संहार, स्वतःच्या लेकीवर प्रयोग करणारा बाप, असा सगळा ऐवज. आणि ह्याच कथेत 'बुटक्या' म्हटलं की चवताळणारा नायक आहे, पोटात मांजराची पिल्लं लपवणारं चिलखत आहे, आणि सदरा फाडून चमचमणारा मेजरही आहे.

ह्याबद्दल बोलताना जो तो "गंभीर आणि विनोदी यांचा छान समतोल" म्हणून मोकळा होतो. समतोल म्हटला की तराजू आला, एक पान रडायचं, एक पान हसायचं. मला हे वाण्याच्या वहीसारखं वाटतं. मोठा विनोद उधारीवर दिला जातो, वाचक हसत हसत घेऊन जातो. मग दोन प्रकरणांनी म्हणा, दहा खंडांनी म्हणा, वसुलीचा माणूस दारात उभा राहतो.

सगळ्यांना पाठ असलेलं उदाहरण लष्करातल्या माएस ह्यूजचं. त्याचं सामान मोजून बघा, दोनच वस्तू आहेत, लेकीचे फोटो आणि टेलिफोन. ऐन कामाच्या वेळी तो लष्करी लाइनीवरून आपल्या मित्राला, मस्टँगला फोन लावतो आणि लेकीचं, एलिसियाचं कौतुक ऐकवतो. भेटेल त्याच्या नाकासमोर फोटो धरतो. चौथ्या खंडात तो एड-अलच्या मैत्रिणीला, विनरीला एलिसियाच्या तिसऱ्या वाढदिवसाला घरी ओढून नेतो. त्याच खंडात लष्करी लाइनीवर भरवसा नाही म्हणून तो बाहेरच्या बूथवरून मस्टँगला फोन लावतो, आणि समोर रूप बदलणारा खलनायक एन्व्ही उभा राहतो ह्यूजच्या बायकोचं, ग्रेशियाचं रूप घेऊन. ह्यूजच्या हातून वार होत नाही. पलीकडे मस्टँग नुसतं नाव घेत राहतो. फोन तोच, माणसं तीच, कुटुंबावरचा जीवही तोच. मारण्यासाठी नवीन एकही वस्तू आणावी लागली नाही.

अशी उधारी-वसुलीची आणखी उदाहरणं द्या. नुसतं "मला फार रडू आलं" नको, कुठली वस्तू कुठून कुठे गेली ते सांगा.

---

आंबटगोड

रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर.

---

मोलभर_मीठ

अगदी पहिल्या प्रकरणातली सामानाची यादी घ्या. लिओर गावात एड रोझला घडाघडा म्हणून दाखवतो की पाणी ३५ लिटर, कार्बन २० किलो, अमोनिया ४ लिटर, चुना १.५ किलो, फॉस्फरस ८०० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, सोरा १०० ग्रॅम, गंधक ८० ग्रॅम, फ्लोरिन ७.५ ग्रॅम, लोह ५ ग्रॅम, सिलिकॉन ३ ग्रॅम आणि आणखी १५ मूलद्रव्यं चिमूट-चिमूट. वर म्हणतो की हे सगळं पोराच्या खाऊच्या पैशांत बाजारात मिळतं, माणूस भलताच स्वस्त पडतो.

ह्यातला हिशेब किती खरा आहे ते पाहण्यासारखं आहे. ७० किलोच्या माणसात साधारण १ किलो कॅल्शियम, ७८० ग्रॅम फॉस्फरस, १०० ग्रॅम सोडियम आणि ४-५ ग्रॅम लोह असतं. दीड किलो चुनकळीतून कॅल्शियम निघतं १.०७ किलो. २५० ग्रॅम मिठातून सोडियम ९८ ग्रॅम. फॉस्फरस आणि लोह तर यादीत जवळपास तसंच आहे. म्हणजे आराकावांनी आकडे हवेतून काढलेले नाहीत.

चुकतं कुठे, तर यादीचं एकूण वजन भरतं साठ-एकसष्ट किलो. पाणी ५८ टक्के, हे ठीक. पण कार्बन ३३ टक्के झाला, आणि माणसात तो २३ टक्क्यांच्या आसपास असतो. गंधक ८० ग्रॅम, खरं तर १४० हवं. सोऱ्यातून पोटॅशियम मिळतं ३९ ग्रॅम, हवं १४० च्या आसपास. फ्लोरिन मात्र जवळजवळ तिप्पट. थोडक्यात, ह्या यादीचा माणूस केला तर कोळसा जास्त आणि पोटॅशियम कमी.

आता उधारी. पंधरा वर्षांच्या पोराला ही यादी तोंडपाठ का? पहिल्या वाचनात तो शहाणपणा मिरवणारा आगाऊ पोरगा वाटतो आणि हसू येतं. सहाव्या खंडात कळतं की हीच यादी घेऊन ही दोन पोरं त्या रात्री तळघरात बसली होती. एक पाय, एक हात आणि एक अख्खं शरीर गेलं ते ह्या 'स्वस्त' मालापायी. आणि दुसरी वसुली तर त्याहून पुढची आहे. त्या रात्री बनलेलं आणि मग पुरलेलं शरीर एड पुन्हा उकरतो तेव्हा केस काळे निघतात, मांडीचं हाड आईच्या मानाने लांब निघतं. ती आई नव्हतीच. तरी तिथेही आकडेमोड सुटलेली नाही, केसांचा रंग आणि हाडाची लांबी. मालिकेतल्या मोठ्या धक्क्यांच्या मुळाशी बहुधा असं काहीतरी मोजलेलं असतं.

---

शाईचा_डाग

@मोलभर_मीठ, दंडवत. मिठावरून सोडियम काढणारा सभासद नावाला जागला.

---

आंबटगोड

आले. माझं उदाहरण अलच्या पोकळ चिलखताचं.

पहिली पायरी, चिलखत रिकामं आहे हाच विनोद. डोकं निखळतं, समोरचा किंचाळतो. 'फुलमेटल' ही एडची पदवी, पण 'फुलमेटल' म्हणजे हाच असणार असं समजून लोक अलशी आदराने बोलायला जातात आणि एड खालून बोंबलतो.

दुसरी पायरी, रिकामं आहे म्हणून त्यात काहीतरी ठेवता येतं. मांजराची पिल्लं. एड ओरडतो, अल गयावया करतो. इथे वाचकाच्या मनात एक गोष्ट न सांगता बसते, की अलच्या पोटात जे जातं ते सुखरूप असतं. हे गोदाम नाही, आसरा आहे.

तिसरी पायरी, डब्लिथमध्ये ग्रीडच्या टोळीतली मार्टा, सापाचा अंश असलेली, सरपटत चिलखतात शिरते आणि आतून त्याचेच हातपाय धरून ठेवते. अजूनही प्रसंग गमतीचाच आहे.

चौथी पायरी, देशाचा प्रमुख ब्रॅडली याचा छापा. मार्टाचे साथीदार मारले जातात, तिला बाहेर पडून लढायचं असतं. ती बाहेर पडली तर मरणार म्हणून अल तिला आतच धरून ठेवतो. आणि ब्रॅडली चिलखतातूनच तलवार खुपसतो. ज्या पोटात पिल्लं ऊब घ्यायची त्याच पोटात बाई मरते. अलला स्पर्श कळत नाही, वास कळत नाही. आत काय झालं ते त्याला वाहणाऱ्या रक्तावरून समजतं.

तिचं रक्त अलचा आत्मा अडकवणाऱ्या आतल्या रक्तमुद्रेला लागतं आणि अलला त्याचं शरीर जिथे गेलं त्या 'दारा'पलीकडची आठवण परत येते. म्हणजे हा मृत्यू नुसता हळहळायला लावून थांबत नाही, पुढचं कथानक त्यावर चालतं.

ह्या पायऱ्यांचा क्रम बदलून बघा. मांजरं नसती तर मार्टाचा मृत्यू नुसता क्रूर वाटला असता. मांजरं आधी आली म्हणून त्यात विश्वासघात आला, आणि तोही अलच्या स्वतःच्या शरीराने केलेला.

---

उलटपान

+१. माझ्या वहीतल्या दोन नोंदी, दोन्ही मस्टँगच्या पथकातल्या.

पाऊस: पूर्व शहरात किमयागारांच्या जिवावर उठलेल्या स्कारशी गाठ पडते तेव्हा मस्टँग रुबाबात पुढे येतो आणि त्याची सहकारी हॉकआय त्याच्या पायात पाय घालून त्याला पाडते. कारण तो आग पेटवतो हातमोज्याच्या ठिणगीने, आणि पाऊस पडतोय, हातमोजे ओले, ठिणगी पडणार नाही. पावसात निरुपयोगी, हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसतो. पुढे तिसऱ्या प्रयोगशाळेत एन्व्हीच्याच टोळीतली लस्ट नेमकं हेच वापरते, पाणी सोडून त्याचे हातमोजे भिजवते. तेव्हा तो पाण्याचं विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन मोकळा करतो आणि हॅवकच्या लायटरने पेटवतो. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली गोष्ट. ज्या पाण्याने त्याचं हसं केलं तेच पाणी दारूगोळा झालं.

हॅवक: मस्टँगचा सिगारेट ओढणारा साथीदार. ह्याचा विनोद एकच, पोरगी टिकत नाही. बदली झाली, सुटली. मग एकदाची सोलारिस नावाची सुंदर मैत्रीण भेटते आणि आपल्यालाही बरं वाटतं. ती लस्ट निघते. त्याच प्रयोगशाळेत ती त्याच्या पाठीत नखं खुपसते आणि त्याचे पाय कायमचे लुळे पडतात. दवाखान्यात हसून बोलणं होतं, पण त्या हसण्याला आता वेगळाच वास आहे.

ह्या दोन्ही उधाऱ्या एकाच खोलीत, एकाच लढाईत वसूल होतात. लायटरसुद्धा हॅवकचा. सिगारेट ओढणारं पात्र उगाच नव्हतं.

---

काजळमाया

सगळं मान्य, पण धागा फार आरती ओवाळायला लागलाय. विनोद फसलेल्या जागाही आहेत, आणि त्या बहुतेक ॲनिमेत आहेत.

ॲनिमे, म्हणजे पडद्यावरच्या चित्रमालिका, दोन. २००३ चा, ५१ भागांचा, आणि २००९-१० चा 'ब्रदरहूड', ६४ भागांचा. दोन्ही बोन्स स्टुडिओचे. पहिला निघाला तेव्हा मांगा अर्धवट होता, म्हणून त्याची कथा पुढे वेगळी वाट धरते. दुसरा मांगाच्या वाटेने जातो.

'ब्रदरहूड'मध्ये दोन अडचणी आहेत.

एक, उधारीला वेळच दिलेला नाही. ह्यूज २००३ मध्ये २५ व्या भागात मरतो, 'ब्रदरहूड'मध्ये १० व्या. नीना, म्हणजे बापाच्या प्रयोगाला बळी पडलेली ती लेक, तिथे ६-७ व्या भागात, इथे चौथ्या. सुरुवातीची प्रकरणं घाईने उरकली कारण जुना ॲनिमे लोकांनी पाहिलेला आहे असं धरलं होतं. यूसवेल खाणगावचा प्रसंग तर क्रमातून गेलाच. त्यामुळे योकी, म्हणजे तिथला लाचखोर अधिकारी, पुढे स्कारच्या मागे लाचारासारखा फिरताना दिसतो तेव्हा नव्या प्रेक्षकाला हा कोण तेच कळत नाही. त्याची पूर्वकथा नंतर थोडक्यात दाखवली, पण तो विनोद माहिती झाला. वसुली आधी, उधारी मागाहून.

दोन, चिबी. मांगात एड रागावला की पानाच्या कोपऱ्यात दोन इंचाची बुटकी आकृती थयथयाट करते आणि शेजारच्या मोठ्या चौकटीत गंभीर बोलणं चालूच असतं. डोळा दोन्ही एकदम पाहतो. पडद्यावर एका वेळी एकच चौकट. तीच आकृती अख्खा पडदा व्यापते, संगीत बदलतं, आवाज चिरका होतो, दोन-तीन सेकंद कथा थांबते. विनोद तोच, पण मांगात तो समासात होता आणि इथे मथळ्यात आला.

---

शाईचा_डाग

समास आणि मथळा, हे नेमकं बोललात. २००३ वाल्यांनी ह्यूजला जास्त भाग दिले तेव्हा उधारी वाढली आणि म्हणून रडणंही वाढलं, हे कबूल. पण मांगात ह्यूज चौथ्याच खंडात जातो, तिथेही वेळ फार नाहीच. तरी लागतं. तेव्हा नुसता वेळ पुरत नाही, वस्तू किती वेळा हाताळली तेही बघावं लागतं. फोन आणि फोटो मांगात सारखे दिसत राहतात.

---

नवी_दौत

उत्तम चर्चा. एक कामाचा प्रश्न. २४ पानांची कथा काढायची आहे, गंभीर, पण अधूनमधून अशा बुटक्या आकृती टाकून. नमुन्याची पानं वाचणारे म्हणतात, "विनोद मध्येच टोचतो." चूक नेमकी कुठे शोधावी?

---

उलटपान

@नवी_दौत, आधी आराकावांच्या चित्रांत विरूपणाच्या किती पायऱ्या आहेत ते मोजा. ढोबळ मानाने तीन.

पहिली: अंग नेहमीचं, फक्त चेहरा बदललेला. डोळे पांढरे गोल, दात करवतीसारखे, कपाळावर शीर. दुसरी: अंगही आखडलेलं, तीन-साडेतीन डोक्यांचं, हात अजून हातासारखे. तिसरी: पूर्ण चिबी, दोन-अडीच डोक्यांची आकृती, डोळ्यांच्या जागी ठिपके, बोटं गायब, हाताची नुसती गोळी.

नवशिके पहिल्या पानावरच तिसरी पायरी गाठतात. गंभीर चेहरा आणि ठिपक्याचे डोळे यांच्यात काही टप्पाच नसतो, म्हणून टोचतं. मधली पायरी वापरा. तिसरी फक्त जिथे पात्राचा तोल पूर्ण सुटतो तिथे.

दुसरी तपासणी रेषेची. चिबी चौकटीत पार्श्वभूमी नको, टोन नको, सावलीची जाळी नको. रेष बारीक आणि एकसारखी. गंभीर चौकटीसाठी आखलेली काळी सावली चिबीवरही टाकली की ते बाहुलं भेसूर दिसतं, वाचक हसायचं की घाबरायचं ते ठरवत बसतो.

तिसरी जागेची. चिबी चौकट पानाच्या सहाव्या हिश्शाहून मोठी नको. २४ पानांत तिसऱ्या पायरीच्या पाच-सहा चौकटी पुष्कळ झाल्या. आणि घावाच्या आधी पान उलटण्याइतकं अंतर ठेवा. हसू आणि घाव एकाच समोरासमोरच्या जोडपानावर आले तर डोळा आधीच घाव पाहून बसतो आणि हसू वाया जातं.

सगळ्यात मोठी चूक चौथी, घावानंतर लगेच विनोद. तो वाचकाची माफी मागितल्यासारखा दिसतो. नीनाचं प्रकरण उघडून बघा, दुसरा खंड, पाचवं प्रकरण. अलेक्झांडर हा धिप्पाड कुत्रा एडला दारातच लोळवतो आणि त्याच्यावर बसतो. एड खवळतो, मग त्याच्याशीच खेळतो. हसण्याचा सगळा माल ह्या पहिल्या भागात खपवलेला आहे. नीनाचा बाप टकर, त्याच्या तळघरात पाऊल पडल्यावर एकही चिबी नाही. प्रकरणाच्या शेवटापर्यंत नाही. मासिकातलं प्रकरण चाळीसेक पानांचं, त्यामुळे ही उतरण सावकाश करता आली. साप्ताहिकाच्या १९-२० पानांत हेच कोंबलं असतं तर कुत्रा तरी गेला असता नाहीतर तळघर तरी.

---

मोलभर_मीठ

भर घालतो. १५ वा खंड पूर्ण इश्वाल युद्धाचा आहे, ५८ ते ६१ प्रकरणं. तिथे विनोद जवळजवळ बंद. अपवाद ह्यूजचा. रणांगणावर ग्रेशियाचं पत्र घेऊन खुशीत येतो. आणि वाचकाला अकरा खंड आधीपासून ठाऊक आहे की हा माणूस मेलाय. म्हणजे इथे वही उलटी लिहिलेली, वसुली झालेली आहे आणि दुकानदार पुन्हा माल देतोय.

---

नवी_दौत

आभारी आहे. चूक चौथी निघाली. वाचनखूण साठवली.

---

शब्दांची_भाजी

आता अनुवादाकडे वळूया, कारण ही मालिका कुणी मराठीत करायला घेतली तर उधारीची निम्मी वही भाषेत अडकलेली आहे.

नीनापासूनच. टकरने लेक आणि कुत्रा एकत्र करून जो बोलणारा प्राणी बनवला, त्याला तो सांगतो, हा एडवर्ड. प्राणी अडखळत नाव म्हणतो. मग पुढे जे म्हणतो ते जपानीत 'ओनीचान', आणि चल खेळू. इंग्रजीला इथे 'थोरला भाऊ' म्हणजे काय ते शब्दशः लिहावं लागतं आणि ते कृत्रिम वाटतं, कारण इंग्रजी मूल परक्या मुलाला तसं हाक मारत नाही. मराठीला ही अडचणच नाही. आपल्याकडे शेजारच्या मुलालाही दादाच म्हणतात.

पण मराठीत वेगळाच खड्डा आहे. अल आपल्या भावाला 'नीसान' म्हणतो, नीना 'ओनीचान'. जपानीत दोन वेगळे शब्द. मराठीत दोघांचंही 'दादा' झालं तर प्राण्याच्या तोंडच्या 'दादा'ला धार राहत नाही, कारण तो शब्द दर दुसऱ्या पानावर अलच्या तोंडी येऊन गुळगुळीत झालेला असतो. उपाय: अलचं 'दादा' ठेवा आणि नीनाला पहिल्या भेटीपासून 'एडूदादा' द्या, त्या प्रकरणात निदान चार-पाच वेळा. शेवटी "ए… डू… दा… दा…" आलं की एडला जे कळतं ते वाचकालाही त्याच क्षणी कळतं. स्पष्टीकरणाची चौकट लागत नाही.

दुसरं, चित्रं उलटी करू नका. मराठी डावीकडून उजवीकडे वाचतात म्हणून पानं आरशात धरल्यासारखी फिरवायचा मोह होतो. एडचा उजवा हात आणि डावा पाय यांत्रिक आहेत. फिरवलं की हे उलटं होतं, आणि कथेत उजव्या हाताला फार किंमत आहे. अलचा आत्मा अडकवायला दिलेला हात तो, आणि शेवटी अल परत देतो तो हातही तोच. शिवाय सगळे सैनिक डाव्या हाताने सलाम ठोकू लागतील. पानं जपानी क्रमानेच ठेवावीत आणि पहिल्या पानावर वाचनाची दिशा दाखवणारा बाण द्यावा.

तिसरं आवाज. इथे मराठी श्रीमंत आहे. अल चालतो तेव्हा 'खण्ण खण्ण', त्याच्यावर काही आपटलं की 'टण्ण', डोकं पडलं की 'ठणाणा'. पोकळपणा कानाला ऐकू यायला हवा, कारण मार्टाच्या प्रसंगात तोच आवाज बंद होतो. 'धाड' आणि 'धूम' वापरून हे होणार नाही.

---

काजळमाया

@शब्दांची_भाजी, आवाजाचं पटलं. पण मेजर आर्मस्ट्राँगच्या त्या चमचमणाऱ्या चांदण्यांचं काय करणार? मला तर तो विनोद शेवटी शेवटी ताणलेला वाटतो. स्लॉथसारखा राक्षस समोर आणि हा सिग कर्टिसबरोबर दंड फुगवून उभा.

---

आंबटगोड

असहमत. आर्मस्ट्राँग इश्वालमध्ये कोलमडलेला माणूस आहे. नरसंहार सहन होईना म्हणून त्याला परत पाठवलं, आणि तो स्वतः त्याकडे पळून गेल्यासारखं बघतो. बहीण ऑलिव्हिए त्याला तेच तोंडावर ऐकवते. इतके खंड सदरा फाडून "आर्मस्ट्राँग घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली" कला दाखवणारा हा माणूस स्लॉथपुढे मात्र खरंच हटत नाही. तिथे दंड फुगवणं बाष्कळ आहेच, पण ह्या वेळी त्याला ते शोभतं.

सिगचं म्हणाल तर त्याच्या बायकोचा, म्हणजे एड-अलच्या गुरूचा, विनोद बघा. इझुमीला कुणी विचारलं तू कोण, की ती म्हणते साधी गृहिणी, आणि पुढच्याच चौकटीत रक्ताची गुळणी. चित्रातही ते गमतीचं काढलेलं. मेलेल्या बाळाला परत आणताना तिच्या पोटातले अवयव गेले, हे त्यामागचं कारण. इथे उधारी आणि वसुली एकाच गुळणीत.

---

काजळमाया

इझुमीचं मान्य. दंड फुगवण्याचं नाही.

---

उलटपान

बुटकेपणाचं कुणी घेतलंच नाही की! सगळ्यात लांब मुदतीची उधारी ती आहे. पहिल्या प्रकरणापासून एड बुटका, दूध पीत नाही, बकाबका खातो, कुठेही घोरत पडतो. वाचक हे चार वेगवेगळे विनोद समजतो. एन्व्हीच्याच टोळीतल्या ग्लटनीच्या पोटातून सुटताना त्याला दारापलीकडे अलचं शरीर दिसतं, हाडांचा सापळा झालेलं, केस-नखं वाढलेली. आणि मग तो अंदाज बांधतो की आपलं खाणं-झोपणं ह्या शरीरालाही पुरत असावं. चारही विनोदांचा एकच हिशेब निघाला. त्यानंतर कुणी त्याला 'बुटक्या' म्हटलं की हसू येतं, पण अर्धंच.

---

पुस्तककिडा_४

मध्येच विचारतो, इंग्रजीत घ्यायची तर कुठली आवृत्ती?

---

मोलभर_मीठ

व्हिझ ह्या इंग्रजी प्रकाशकाच्या तीन आहेत. सुटे २७ खंड, तीन-तीन खंड एकत्र बांधलेले ९, आणि पुठ्ठाबांधणीची १८ खंडांची 'फुलमेटल एडिशन'. पुठ्ठाबांधणीत पान मोठं आणि छपाई चांगली, चिबीच्या बारीक रेषा तिथे नीट दिसतात. त्रिखंडी स्वस्त पडते, पण जाड असल्याने मधल्या शिवणीत चौकटी अडकतात, आणि जोडपानाचा घाव नेमका शिवणीत जातो. एकच नीट वाचायची असेल तर सुटे खंड. सुट्या खंडाच्या शेवटची गमतीची पानंही त्याच जागी मिळतात.

---

शाईचा_डाग

त्या पानांबद्दल लिहायचंच होतं. खंडाच्या शेवटी आराकावा चार-चौकटींचे विनोद देतात आणि त्या खंडात मेलेली पात्रं डोक्यावर कडं घेऊन स्वर्गाकडे निघालेली दाखवतात. स्वतःचं चित्र चष्मेवाल्या गायीचं. होक्काइदोतल्या दूधवाल्या घरच्या त्या, सात वर्षं घरच्या गोठ्यात राबलेल्या. जनावर जन्मतं, मरतं, आणि संध्याकाळी दूध काढायचंच असतं, हे जिथे रोजचं आहे तिथून हा विनोद येतो असं मला वाटतं.

पण तो कथेच्या आत कधीच येत नाही हे महत्त्वाचं. प्रकरण संपतं, खंड संपतो, मग ही पानं. ह्यूजच्या दफनाच्या प्रसंगात, लहानगी एलिसिया बाबाला का पुरताय म्हणून विचारते तिथे, गायीला प्रवेश नाही. मस्टँग कोरड्या आभाळाखाली पाऊस पडतोय म्हणतो, तिथेही नाही.

---

उलटपान

आणि पाऊस म्हणजे काय ते मी वर लिहिलंच आहे :) पावसात निरुपयोगी माणूस स्वतःच पाऊस पडतोय म्हणतो.

---

शब्दांची_भाजी

अरे देवा. हे इतक्या वाचनांत जुळवलं नव्हतं.

माझा शेवटचा प्रश्न राहिलाय. एडला चिडवायला जपानीत 'मामेत्सुबु' वापरतात, मामे म्हणजे कडधान्याचा दाणा. मराठीत काय? माझ्या यादीत टिल्लू, बुटबैंगण, वीतभर, लिंबूटिंबू आणि फुटाणा आहेत.

---

आंबटगोड

लिंबूटिंबू! त्यात नुसती उंची नाही. खेळात ज्याचा राज्य-आउट धरत नाहीत तो. राष्ट्रीय किमयागाराला हे म्हटलं तर तो पेटणारच.

---

काजळमाया

फुटाणा. दाणाही आहे आणि तापला की फुटतो.

---

शब्दांची_भाजी

दोन्ही ठेवावे लागतील, पण संवादाच्या फुग्याच्या मापाने. जपानी मजकूर उभा, म्हणून फुगे उभट आणि अरुंद. व्हिझच्या ५ बाय ७.५ इंची पानावर अशा फुग्यात मराठीची तीन-चार अक्षरंच एका ओळीत बसतात. 'फुटाणा' एका ओळीत मावतो. 'लिंबूटिंबू'ला वर वेलांटी-अनुस्वार, खाली ऊकार, त्यामुळे ओळींतलं अंतर वाढवावं लागतं, आणि तोडायचा तर 'लिंबू' आणि 'टिंबू' असाच तोडता येतो, मध्ये जोडरेघ न देता. तेव्हा मस्टँग, जो फुग्यात थोडकंच बोलतो, त्याच्या तोंडी फुटाणा. आणि एड स्वतः चवताळून जे लांबलचक बरळतो, की "कोणाला म्हणालास रे भिंगातूनही न दिसणारा लिंबूटिंबू", ते मोठ्या काटेरी फुग्यात. तिथे जागा भरपूर असते.

---

काजळमाया

चालेल. पण 'भिंगातूनही' खोडा, 'मुंगीच्या खांद्यावर बसणारा' करा. ओरडताना तोंड उघडं राहतं.